तेरा वर्षांची पलटण, तीनशे वर्षांचे निशाण

सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स कथांमधील डॉ. वॉटसन हा मराठी वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा. लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात पाठविला गेलेला हा तरुण प्रथम मुंबई बंदरात उतरतो, तेथून कंदहारला पोहोचतो, त्याची बदली बर्कशायर पलटणीत होते आणि मैवंदच्या लढाईत खांद्याला गोळी लागून तो मायदेशी परततो. वॉटसन काल्पनिक असला तरी त्याची पलटण खरी होती आणि मैवंदचा रणसंग्रामही खरा होता. २७ जुलै १८८० रोजी झालेल्या त्या लढाईत बर्कशायरच्या निम्म्याहून अधिक सैनिकांनी प्राण गमावले. त्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहूनही मोठ्या प्रमाणात मेले ते बॉम्बे आर्मीचे हिंदी शिपाई.

मैवंदचा हा वारसा पुढे ज्या पलटणीकडे आला, तिचे नाव होते रॉयल ग्लॉस्टरशायर, बर्कशायर अँड विल्टशायर रेजिमेंट. नाव जेवढे लांबलचक, तेवढेच आयुष्य आखूड. २७ एप्रिल १९९४ रोजी ती स्थापन झाली आणि १ फेब्रुवारी २००७ रोजी 'द रायफल्स' या नव्या मोठ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली. पुरती तेरा वर्षेही तिच्या वाट्याला आली नाहीत. मात्र या अल्पायुषी पलटणीने जे बिल्ले, ज्या तारखा आणि ज्या प्रथा अंगावर वागविल्या त्यांचा उगम अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील रणांगणांवर होता. यातील एक रणांगण इजिप्तमध्ये, एक पंजाबात, एक अफगाणिस्तानात, तर शेवटचे विसाव्या शतकातील कोरियात होते.

कौंटीची पलटण

ब्रिटिश पायदळातील रेजिमेंट ही संकल्पना आपल्याकडील वाचकाला थोडी समजावून घ्यावी लागते. तेथे रेजिमेंट म्हणजे केवळ सैन्याचा विभाग नसतो, ते एक कुळ असते. अठराव्या शतकात या पलटणींना क्रमांक होते. अठ्ठाविसावी, एकसष्टावी, सहासष्टावी असा त्यांचा उल्लेख होई. १८८१ मध्ये युद्धमंत्री ह्यू चिल्डर्स यांनी केलेल्या सुधारणांनुसार क्रमांक गेले, दोन-दोन पलटणी एकत्र आल्या आणि त्यांना कौंटीची नावे मिळाली. अठ्ठाविसावी व एकसष्टावी मिळून ग्लॉस्टरशायर रेजिमेंट झाली. एकोणपन्नासावी व सहासष्टावी मिळून बर्कशायर, तर बासष्टावी व नव्व्याण्णवावी मिळून विल्टशायर रेजिमेंट झाली. ग्लॉस्टरशायर हे नाव आपल्याकडे डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यामुळे किंवा १९९५ मध्ये तेथे खेळलेल्या जवागल श्रीनाथमुळे ओळखीचे आहे. क्रिकेटच्या कौंटीविषयी इंग्रज माणसाला जो जिव्हाळा वाटतो, तोच, किंवा त्याहून थोडा अधिक, त्याला कौंटीच्या पलटणीविषयी वाटत आला. बाप, मुलगा आणि नातू एकाच पलटणीत नोकरी करून गेल्याची उदाहरणे तेथे विरळ नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्य आटोपले आणि एवढ्या पलटणींची गरज उरली नाही. बहुतेक रेजिमेंटकडे एकच नियमित बटालियन शिल्लक राहिली. परिणामी, एक बटालियन कमी करायची म्हणजे एक अख्खे कुळ बुडवायचे, असा प्रश्न दरवेळी उभा राहू लागला. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे विलीनीकरण. ९ जून १९५९ रोजी रॉयल बर्कशायर आणि विल्टशायर या दोन रेजिमेंट एकत्र येऊन ड्यूक ऑफ एडिंबराज रॉयल रेजिमेंट निर्माण झाली. ग्लॉस्टरशायरलाही हॅम्पशायरच्या पलटणीबरोबर एकत्र करण्याचा बेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठरला होता, पण १९७० मध्ये तो बारगळला. सुटका मात्र कायमची नव्हती. शीतयुद्ध संपल्यावर १९९० मध्ये सुरू झालेल्या फेररचनेत या पलटणीचे नाव पुन्हा यादीत आले. ज्या अठ्ठाविसाव्या पलटणीपासून तिची परंपरा मोजली जाते ती १६९४ ची. म्हणजे नेमक्या तीनशेव्या वर्षी तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

एका टोपीवर तीन कौंट्या

दोन घरे एकत्र आली की कोणाचा देव देव्हाऱ्यात वर बसवायचा, हा प्रश्न येतोच. पलटणींच्या बाबतीत तो प्रश्न टोपीवरील बिल्ल्याचा असतो. १९५९ च्या विलीनीकरणात विल्टशायरचा क्रॉस आणि बर्कशायरचा चिनी ड्रॅगन एकत्र बसविण्यात आले होते. हा ड्रॅगन एकोणपन्नासाव्या पलटणीने १८४० ते १८४२ च्या पहिल्या अफू युद्धात मिळविलेला. १९९४ मध्ये तिसरी कौंटी आल्यावर ड्रॅगनला जागा सोडावी लागली आणि क्रॉसवर ग्लॉस्टरचा स्फिंक्स येऊन बसला. बर्कशायरचे समाधान बिल्ल्यामागील लाल कापडाच्या तुकड्यावर झाले. टोपीच्या मागच्या बाजूला ग्लॉस्टरचा आणखी एक छोटा बिल्ला आला. टोपीला मागूनही बिल्ला लावण्याचा हा मान ब्रिटिश पायदळात याच परंपरेचा.

हा मागचा बिल्ला २१ मार्च १८०१ चा आहे. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ पहाटे फ्रेंचांनी हल्ला केला. अठ्ठाविसावी पलटण समोरच्या शत्रूशी झुंजत असतानाच फ्रेंच घोडदळ तिच्या पिछाडीवर आले. त्या काळी पायदळ दोन रांगांत उभे राहून गोळीबार करी. घोडदळापासून बचावासाठी चौकोन करण्यास वेळ नव्हता. मागच्या रांगेला जागच्या जागी फिरण्याचा हुकूम मिळाला आणि दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून दोन दिशांना लढल्या. पलटण टिकली. ब्रिटिश सेनापती सर राल्फ ॲबरक्रॉम्बी या लढाईत प्राणघातक जखमी झाले, पण विजय ब्रिटिशांचा झाला. त्यानंतर या शिपायांनी टोपीच्या मागेही बिल्ला लावण्यास सुरुवात केली. आधी कोणाची परवानगी नव्हती. सरकारी मान्यता मिळाली ती १८३० मध्ये.

लाल तुकड्याची हकिगत वेगळी आणि कमी सरळ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, सप्टेंबर १७७७ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील पाओली येथे जनरल चार्ल्स ग्रे याने अमेरिकी छावणीवर रात्री छापा घातला. चुकून बार उडून शत्रू सावध होऊ नये म्हणून शिपायांच्या बंदुकांतील गारगोट्या काढून घेण्यात आल्या आणि सारे काम संगिनींनी झाले. अमेरिकनांनी या कत्तलीचा सूड घेण्याची शपथ घेतली. तेव्हा, आम्हीच ते, ओळखायला सोपे जावे आणि इतरांना त्रास नको, म्हणून छाप्यातील शिपायांनी टोप्यांवरील पिसे लाल रंगविली, असे परंपरा सांगते. गंमत अशी की या तुकड्याला नाव पडले ते ब्रँडिवाइनचे. ब्रँडिवाइनची लढाई पाओलीच्या नऊ-दहा दिवस आधी झाली होती आणि त्या लढाईचा लाल पिसांशी संबंध नाही. परंपरेला अशा तपशिलाची फारशी फिकीर नसते.

सार्जंटांच्या हाती निशाण

विल्टशायरकडून आलेली प्रथा बिल्ल्याची नव्हती, ती एका दिवसाची होती. तो दिवस २१ डिसेंबर.

१८४५ मध्ये पहिले इंग्रज-शीख युद्ध पेटले. पंजाबातील फिरोजपूरनजीक फिरोजशाह येथे खालसा फौजेने मोर्चेबंदी केली होती. तिच्या तोफा संख्येने आणि नेमबाजीने कंपनी सरकारच्या तोफांना भारी होत्या. सरसेनापती सर ह्यू गफ यांच्या हाताखाली स्वतः गव्हर्नर जनरल सर हेन्री हार्डिंग लढत होते, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे. २१ डिसेंबरच्या दुपारी उशिरा हल्ला सुरू झाला. सर जॉन लिटलर यांच्या डिव्हिजनमधील बासष्टावी पलटण थेट तोफांच्या तोंडी गेली. थोड्याच वेळात तिचे बहुतेक अधिकारी मृत वा जखमी झाले आणि पलटणीची सूत्रे सार्जंटांच्या हाती आली. निशाणेही त्यांनीच सांभाळली. हल्ला त्या ठिकाणी परतविला गेला. रात्रभर दोन्ही सैन्ये थंडीत एकमेकांच्या जवळ पडून राहिली. दुसऱ्या दिवशी शीख सेनापतींनी, विशेषतः तेजसिंगाने, ताज्या फौजेनिशी येऊनही माघार घेतली. त्यामुळे इंग्रज बचावले. तेजसिंग आणि लालसिंग यांच्या या वर्तनाला पंजाबात आजही फितुरी म्हटले जाते. फिरोजशाहनजीक इंग्रज-शीख युद्धांचे स्मारक आणि संग्रहालय उभे आहे. तेथे कथा अर्थातच खालसाच्या बाजूने सांगितली जाते.

लढाईनंतर लिटलर यांनी आपल्या अहवालात बासष्टाव्या पलटणीत घबराट पसरल्याचे लिहिले. निम्मी पलटण कापली गेल्यावर आलेला हा शेरा जिव्हारी लागणारा होता. पुढे या पलटणीत जी प्रथा रुजली ती या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. दरवर्षी फिरोजशाहच्या वर्षदिनी संचलन होई. अधिकारी निशाणे समारंभपूर्वक सार्जंटांच्या स्वाधीन करीत. सार्जंट ती आपल्या मेसमध्ये नेत आणि मध्यरात्री ती अधिकाऱ्यांना परत केली जात. एरवी निशाण वाहण्याचा मान तरुण अधिकाऱ्यांचा. वर्षातील या एका दिवशी तो बिगर-अधिकाऱ्यांना मिळे. ब्रिटिश सैन्यात अधिकारी आणि शिपाई यांच्यातील सामाजिक दरी किती रुंद होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या काही तासांचे मोल कळेल.

मैवंद : कोणाची आठवण?

बर्कशायरच्या वाट्याला विजय नव्हे, पराभव आला. दुसऱ्या अफगाण युद्धात ब्रिगेडियर जनरल जॉर्ज बरोज सुमारे अडीच हजारांचे सैन्य घेऊन कंदहारहून निघाले. समोर अयूबखानाची कितीतरी पट मोठी फौज आणि तीस तोफा होत्या. बरोज यांच्या हाताखालील एकमेव ब्रिटिश पायदळ पलटण म्हणजे सहासष्टावी. बाकी बहुतेक सारी बॉम्बे आर्मी होती. त्यात पहिली बॉम्बे ग्रेनेडिअर्स, तिसावी म्हणजे जेकब्ज रायफल्स, तिसरे बॉम्बे लाइट कॅव्हलरी, सिंध हॉर्स आणि बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सची एक कंपनी होती. जुलैच्या उन्हात पाण्यावाचून कित्येक तास तोफांचा मारा सोसल्यावर डावी बाजू कोसळली आणि ती मोडता मोडता सारी रांग मोडली. सहासष्टावीचे उरलेसुरले लोक खिग गावातील बागांच्या आडोशाने मागे हटत लढले. अखेरीस अकरा जण उरले. ते वेढ्यातून बाहेर पडले आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत लढले, असे खुद्द अफगाणांच्या सांगण्यावरून कळले. याच धुमश्चक्रीत सॅपर्सच्या कंपनीचा लेफ्टनंट थॉमस हेन आणि त्याचे शिपाईही पडले. पलटणीची दोन्ही निशाणे गेली. जे फिरोजशाहला वाचले होते, ते मैवंदला वाचले नाही. त्यानंतर लवकरच, १८८१ च्या बोअर युद्धातील अनुभवानंतर, ब्रिटिश सैन्याने निशाणे रणांगणावर नेणे बंद केले.

मैवंदहून परत आलेल्यांत बॉबी नावाचा एक कुत्राही होता. सार्जंट पीटर केली यांचा हा पांढरट, सरमिसळ जातीचा कुत्रा जखमी अवस्थेत कंदहारला परतला. १८८१ मध्ये ऑस्बोर्न हाउस येथे व्हिक्टोरिया राणीने जखमींना पदके दिली तेव्हा बॉबीच्या गळ्यातही अफगाण पदक बांधले. वर्षभराने गॉस्पोर्टमध्ये तो घोडागाडीखाली सापडून मेला. पेंढा भरून जतन केलेला हा कुत्रा सॉल्झबरीच्या कॅथेड्रल आवारातील पलटणीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. बर्कशायरमधील रेडिंग शहरात १८८६ मध्ये मैवंदचा सिंह उभारण्यात आला. जॉर्ज ब्लॅकॉल सिमंड्स यांचे हे शिल्प प्रचंड आहे. चालताना सिंहाचे पाय चुकीचे दाखविल्याचे लक्षात येऊन शिल्पकाराने आत्महत्या केली, ही रेडिंगमध्ये सांगितली जाणारी गोष्ट निव्वळ भाकडकथा आहे. सिमंड्स त्यानंतर चार दशके जगले.

सिंह उभा राहिला तेव्हा सहासष्टावी पलटण मात्र अस्तित्वात नव्हती. मैवंदनंतर वर्ष उलटण्याच्या सुमारास चिल्डर्स यांच्या सुधारणांनी तिचा क्रमांक पुसून टाकला होता. सिंहाच्या चौथऱ्यावर त्या मोहिमेत मेलेल्या ३२९ जणांची नावे आहेत. ती बर्कशायरच्या लोकांची आहेत. हे स्मारक त्यांच्या पलटणीचे असल्याने त्यात वावगे काही नाही. पण आकडे वेगळी गोष्ट सांगतात. सहासष्टाव्या पलटणीची हानी ६२ टक्के होती आणि बॉम्बे ग्रेनेडिअर्सची ६४ टक्के. बरोज यांच्या सैन्यातील एकूण मृतांची संख्या साडेनऊशेच्या वर होती आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी होते. बॉम्बे आर्मीच्या पायदळात त्या काळी कोकणातील व देशावरील मराठे, महार, मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले 'परदेशी' अशी संमिश्र भरती असे. रत्नागिरी, सातारा वा पुणे जिल्ह्यातील एखाद्या गावचा शिपाई मैवंदच्या धुळीत पडला, तर त्याच्या नावाचा सिंह कोठे उभा राहिला नाही.

उलट त्याच्या वाट्याला ठपका आला. रांग कोठे मोडली याची चर्चा बॉम्बे पलटणींवर येऊन थांबली. १८८५ पासून हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले फ्रेडरिक रॉबर्ट्स यांचा 'लढवय्या जमाती'च्या सिद्धांतावर भर होता. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भरती कमी करून पंजाबी, पठाण आणि गुरखे घ्यावेत, हे त्यांचे धोरण. मैवंद हे या बदलाचे एकमेव कारण नव्हते, पण सोयीचा दाखला म्हणून ते वापरले गेले. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या निवृत्त सैनिकांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, '१११ महार्स' ही पलटण उभारण्यात आली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. अल्पायुषी पलटणी केवळ इंग्लंडच्याच कौंट्यांत झाल्या असे नाही. फरक एवढाच की या पलटणीला कोणाच्या टोपीवर बिल्ल्याच्या रूपाने जागा मिळाली नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

मैवंदला लढलेल्या हिंदी पलटणींचे वारस आज दोन देशांत विखुरले आहेत. ग्रेनेडिअर्सचे केंद्र जबलपूरला आहे. तिसरे लाइट कॅव्हलरी पुढे पूना हॉर्समध्ये मिसळले. जेकब्ज रायफल्सचा वारसा पाकिस्तानच्या बलोच रेजिमेंटकडे गेला. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. अफगाणांसाठी मैवंद हा अर्थातच विजयदिन. काबूलमधील एका मुख्य रस्त्याला मैवंदचे नाव आहे. लढाईत पाय डळमळू लागलेल्या अफगाणांना धीर देणाऱ्या मलालाई या तरुणीची कथा तेथे घराघरांत सांगितली जाते. नोबेल विजेत्या मलाला युसुफझाईचे नाव तिच्यावरूनच ठेवले गेले.

टेकडी क्रमांक २३५

एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इम्जिन नदीवर ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन उभी होती. सोल शहराच्या रोखाने निघालेल्या चिनी सैन्याच्या वाटेवर ही बटालियन आली. २२ एप्रिलच्या रात्री हल्ला सुरू झाला. तीन दिवसांत बटालियनला वेढा पडला, दारूगोळा संपत आला आणि मदतीस निघालेले रणगाडे पोहोचू शकले नाहीत. उरलेले सैनिक टेकडी क्रमांक २३५ वर एकवटले. चिनी सैनिक एकमेकांना खुणा करण्यासाठी बिगुल वाजवीत. २५ एप्रिलच्या पहाटे ॲडज्युटंट कॅप्टन अँथनी फरार-हॉकली यांच्या सांगण्यावरून ड्रम मेजर बस यांनी त्याला बिगुलानेच उत्तर दिले. उठण्याचा, जेवणाचा, पहारा बदलण्याचा असे सारे इशारे त्यांनी वाजविले. 'रिट्रीट' एवढे वाजविले नाही.

त्याच दिवशी टेकडी पडली. पाचशेहून अधिक जण कैदी झाले. निसटून आपल्या बाजूला पोहोचले ते काही डझन. लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्न आणि मरणोत्तर लेफ्टनंट फिलिप कर्टिस यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अमेरिकेने अख्ख्या बटालियनला राष्ट्राध्यक्षांचे युनिट सन्मानपत्र दिले. त्याची निळी फीत पलटणीच्या गणवेशाच्या बाहीवर आली आणि १९९४ नंतरही तेथेच राहिली. कार्न यांनी एकांतवासाच्या कैदेत असताना दगडाचा एक छोटा क्रॉस कोरला. तो आज ग्लॉस्टर कॅथेड्रलमध्ये आहे. इम्जिनच्या या लढ्याला १८०१ च्या पाठीला पाठ लावून लढण्याशी जोडण्याचा मोह तेव्हाच्या ब्रिटिश वृत्तपत्रांना आवरला नाही. यावेळी मात्र शेवट वेगळा होता.

शेवटची फेररचना

नव्या रेजिमेंटला प्रत्यक्ष कामगिरीसाठी फार काळ मिळाला नाही. तिची सर्वांत कठीण नेमणूक अगदी आरंभीची. १९९४-९५ च्या हिवाळ्यात बोस्नियातील गोराझ्दे या सर्बांनी वेढलेल्या गावात ती संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणांखाली तैनात होती. स्थापनेला वर्षही झाले नव्हते. ग्लॉस्टर, बर्कशायर आणि विल्टशायरच्या जवानांना एकमेकांची ओळख होण्याआधीच वेढ्यातील गाव सांभाळावे लागले. बिल्ल्यांच्या वाटाघाटींपेक्षा अशा एका हिवाळ्याने पलटण अधिक लवकर एकजीव होते, हे कोणत्याही देशाचा जुना सैनिक सांगेल.

डिसेंबर २००४ मध्ये ब्रिटिश संरक्षणमंत्री जेफ हून यांनी पायदळाच्या ४० बटालियनच्या ३६ करण्याची आणि एक-बटालियनच्या कौंटी रेजिमेंट मोठ्या रेजिमेंटमध्ये सामावून घेण्याची घोषणा केली. सरकारचा युक्तिवाद बिनतोड नसला तरी समजण्याजोगा होता. एकुलती एक बटालियन दर काही वर्षांनी नव्या ठाण्यावर हलविली की कुटुंबांची परवड होते आणि एका पलटणीतून दुसरीत माणसे देणे जिकिरीचे ठरते. चार-पाच बटालियनची मोठी रेजिमेंट असेल, तर माणूस घर न सोडता बदली घेऊ शकतो. विरोध झाला तो सर्वाधिक स्कॉटलंडमध्ये. इंग्लंडच्या पश्चिम भागात हळहळ होती, आवाज कमी होता. जुलै २००५ मध्ये पलटणीच्या नावात 'लाइट इन्फंट्री' शब्द आले आणि १ फेब्रुवारी २००७ रोजी नावच गेले. डेव्हनशायर अँड डॉर्सेट, लाइट इन्फंट्री आणि रॉयल ग्रीन जॅकेट्स यांच्यासह ती 'द रायफल्स'मध्ये मिसळली.

पुन्हा वाटाघाटी झाल्या. समोरचा बिल्ला रायफल परंपरेतील बिगुल ठरला. क्रॉस आणि स्फिंक्स गेले. ग्लॉस्टरचा मागचा बिल्ला मात्र वाचला आणि रायफल्सच्या औपचारिक शिरोभूषणावर तो आता साऱ्या बटालियनचे जवान लावतात. ज्यांच्या पूर्वसूरींचा अलेक्झांड्रियाशी काडीचाही संबंध नव्हता असे डरहॅम वा कॉर्नवॉलचे तरुणही त्यांत आले.

निशाणांचे मात्र तसे होऊ शकले नाही. रायफल पलटणी निशाण बाळगत नाहीत. नेपोलियनच्या काळात जन्मलेल्या या पलटणींचे काम शत्रूपुढे विखरून, झाडाझुडपांच्या आडून नेम धरण्याचे होते. म्हणून त्यांचा गणवेश गडद हिरवा, बटणे काळी, आणि सैनिकांनी ज्याच्याभोवती गोळा व्हावे असे निशाणच नाही. ही परंपरा द रायफल्सने उचलली. लढायांची नावे तेथे निशाणावर नव्हे, तर पट्ट्यावरील बिल्ल्यावर आणि ढोलांवर कोरली जातात. परिणामी, २१ डिसेंबरला अधिकाऱ्यांनी सार्जंटांच्या हाती सोपवावे असे निशाणच पलटणीत उरले नाही. १८४५ मध्ये तोफांच्या माऱ्यात जे वाचले आणि १९५९ व १९९४ ची विलीनीकरणेही ज्याने पचविली, ते २००७ च्या एका प्रशासकीय निर्णयात हातातून गेले.

ग्लॉस्टर आणि डेव्हन-डॉर्सेटचा वारसा सांगणारी द रायफल्सची पहिली बटालियन २००८ मध्ये अफगाणिस्तानात हेलमंड प्रांतात उतरली. २००९ मध्ये दुसरी बटालियन त्याच प्रांतातील संगीन येथे होती. हेलमंडच्या पूर्व सीमेला लागून कंदहार प्रांताचा जो जिल्हा आहे, त्याचे नाव मैवंद.